जेपीजी, पीएनजी आणि शमीमबाई

चामोर्शीत शमीमबाईंच्या दुकानात शिरलं की समोर एक पाटी दिसायची. ‘फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नये. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. वाद घालू नये.’ शेवटचं वाक्य लाल अक्षरात होतं. तरी रोज निदान चार माणसं वाद घालत. त्यांचंही चूक नव्हतं. फोन हातात आहे, फोटो लख्ख दिसतोय, नवरदेवाच्या मिशीचा केस न् केस मोजता येतोय, आणि ही बाई म्हणते हा फोटो मेलेला आहे. कोणाला पटेल?

मलाही पटलं नव्हतं. मी तेव्हा एका लहानशा संस्थेत होतो. ग्रामसभांना कागदपत्रं करायला मदत करायची, हे आमचं काम. वर्षाअखेरीचा अहवाल छापायचा होता, म्हणून मी आमच्याच वेबसाइटवरून फोटो उतरवले, पेनड्राइव्हमध्ये घातले आणि मोठ्या ऐटीत बाईंना सांगितलं की हा मुखपृष्ठावर पानभर टाका. बाईंनी फोटो उघडला, चष्मा कपाळावर सरकवला, थोडी खटखट केली आणि प्रिंटरमधून निघालेला कागद माझ्यापुढे ठेवला. कोऱ्या कागदाच्या मधोमध काडेपेटीएवढा फोटो होता.

"एवढा आहे तुमचा फोटो," त्या म्हणाल्या. "याच्याहून मोठा ताणला तर फाटते."

"पण स्क्रीनवर तर केवढा मोठा दिसतोय!"

"स्क्रीनवर सगळेच मोठे दिसते, भाऊ. कागद खोटं बोलत नाई. कॅमेऱ्यातला असन तो आणा."

मी आणला नाही. म्हणजे त्या दिवशी रागानं निघून गेलो आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं कॅमेऱ्यातला फोटो घेऊन आलो. बाईंनी ‘या’ म्हटलं नाही की ‘पाह्यलं ना’ म्हटलं नाही. हात पुढे केला आणि पेनड्राइव्ह घेतला.

पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, अंगानं भरलेली बाई. दुकानात आल्या आल्या बुरखा यूपीएसच्या वरच्या खिळ्याला अडकवायचा, दुपट्टा कमरेला खोचायचा आणि धानाच्या रोवणीला चिखलाच्या बांधीत उतरावं तसं कामाला लागायचं. नवऱ्याचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. ते वारले तेव्हा बाईंनी रंगाच्या जाळ्या विकून कॉम्प्युटर घेतला आणि एकटीनं शिकल्या. याहून जास्त चरित्र मला ठाऊक नाही, आणि विचारायची सोयही नव्हती. घरचं काही काढलं की त्या म्हणत, "कोणती फाइल आणली ते सांगा."

दुकान रस्त्यालगत. सूरजागडकडून येणारे खनिजाचे ट्रक दिवसभर दारावरून जात आणि लाल धूळ आत येई. कपाटावर बसे, वह्यांवर बसे, चहावर बसे, त्याचं बाईंना काही वाटत नसे. स्कॅनरच्या काचेवर मात्र कण दिसला की त्यांचं डोकं फिरे. मलमलचा एक धुवट तुकडा त्या दुपट्ट्याआड जपून ठेवत आणि दर स्कॅनआधी काच पुसत. गिऱ्हाइकानं काचेला बोट लावलं, तर त्याचं बोटही पुसत.

पुढे जाणं-येणं वाढलं तशी मला त्यांची शिकवण मिळू लागली. मी एकदा वैतागून विचारलं होतं की या फाइलींचे इतके प्रकार कशाला हवेत, एकच ठेवा ना. बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. तसं त्या क्वचितच करत.

"धान पाह्यलं का? टिफ म्हणजे धान. तुसासगट. पोतंभर जागा खाते, पण बी म्हणून पेरता येते. पीएनजी म्हणजे तांदूळ. तूस गेलं, दाणा शाबूत. आन् जेपीजी म्हणजे शिजलेला भात. लहानशा डब्यात मावते, कुठीबी पाठवता येते. पण भाताचं पुन्हा धान होत नाई. तुम्ही लोकं काय करता? शिजवलेलाच पुन्हा शिजवता. याच्या फोनमधून त्याच्या फोनमधी, त्याच्या फोनमधून तिसऱ्याच्या. मंग माझ्याकडे पेज घेऊन येता आन् म्हणता, बाई, याचं बी करून द्या."

"मग जेपीजी वाईटच?"

"वाईट काऊन? भात वाईट असते का? माणसाच्या चेहऱ्याले, झाडाले, जंगलाले भात चालते. रेघ असन, अक्षर असन, नकाशा असन, तिथी भात चालत नाई. तिथी दाणा दाणा पाह्यजे."

हा नियम त्यांनी दिवसातून किती जणांना सांगितला असेल, कोण जाणे. सिंदेवाहीहून कोणी भातावरच्या रोगांचं पत्रक छापायला आणलं, तर त्याला. शाळेचा बिल्ला करायला आलेल्या गुरुजींना. मयताच्या घरी भेटायला गेल्या तरी हार घातलेल्या तसबिरीकडे निरखून बघत आणि माझ्या कानाशी येऊन विचारत, "हा कोणी केला? कान चौकोनी झाले पाहा." लग्नात जेवताना पत्रिका उलटीसुलटी करून पाहत, आणि कोशिंबीर तशीच राही.

एका भावी सभापतींच्या वाढदिवसाची गोष्ट तर चामोर्शीत बरेच दिवस पुरली. ‘भावी’ हा त्यांचाच शब्द. त्यांचा एक कार्यकर्ता फ्लेक्ससाठी फाइल घेऊन आला. साहेब हात जोडून उभे, आणि साहेबांच्या मागे पांढऱ्या-करड्या चौकटी. कोणीतरी इंटरनेटवर मागची बाजू कापून घेतली होती. खरीखुरी कापलेली फाइल उघडली की तशा चौकटी दिसतात. त्याचा अर्थ एवढाच की इथे काही नाही, रिकामं आहे. पण या पठ्ठ्यानं त्या चौकटींसकट फोटो काढून जेपीजी करून आणला होता.

"या चौकटी छपतीन," बाई म्हणाल्या.

"नाई बाई, त्या नुसत्या दिसते. छपत नाई. मले माहीत आहे."

"जेपीजीमधी रिकामं नसतेच, बावा. जे दिसते ते छपते. पीएनजी आणा."

कार्यकर्ता म्हणाला, साहेबांना उशीर चालत नाही. बाई म्हणाल्या, मग साहेबांना दुसरीकडे घेऊन जा. त्यानं नेलं. दुसऱ्या दिवशी चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला. गुलाबी आकाश, उगवता सूर्य आणि मधे पांढऱ्या-करड्या फरशीच्या भिंतीला टेकून साहेब हात जोडून उभे. सकाळच्या पहिल्या एसटीतूनच कोणीतरी ओरडला, "साहेब संडासात काऊन उभे आहेत?" दुपारपर्यंत फ्लेक्स उतरला. शमीमबाईंना त्या दिवशी चौकाच्या बाजूला तीन वेळा भाजी आणायला जावं लागलं, आणि तिन्ही वेळा त्या हात हलवत परत आल्या. मी हसलो तर म्हणाल्या, "कोथिंबीर चांगली नवती."

बाईंचं एकूण असं होतं. त्यांचं बरोबर असे आणि आपलं बरोबर आहे हे त्यांना कळत असे. हे माणसाला फार लोकप्रिय करणारं मिश्रण नाही. त्यात भर म्हणून त्यांची ती प्रूफाची वही. कुठलंही काम हातून सोडण्याआधी त्या गिऱ्हाइकाला दाखवत आणि वहीत सही घेत: ‘तपासून मिळाले’. मग आकाश कोसळलं तरी त्या जबाबदार नव्हत्या. एकदा लग्नाच्या पत्रिकेतून नवरदेवाच्या मामाचंच नाव सुटलं. मामा रुसला, हळदीला आला नाही, आणि वरबाप चार माणसं घेऊन दुकानात. बाईंनी वही उघडून त्यांच्यापुढे फिरवली. खाली वरबापाचीच सही.

"मी वाचलंच नवतं," तो म्हणाला.

"मंग सही कायले केली?"

त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही. मामाची समजूत शेवटी गावच्या पोलीस पाटलानं काढली. तेव्हापासून बाजारात म्हणत, शमीमबाईच्या दुकानात चूक होतच नाही, अन् झाली तर ती गिऱ्हाईक करते. मला स्वतःला त्या वहीची भीती वाटे आणि थोडा रागही येई. चुकलं हा शब्द या बाईच्या तोंडून कधी निघेल का, असं मी एकदोनदा मनात म्हटलंही होतं. तो निघाला तेव्हा मीच समोर होतो, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही.

त्याआधी फॉर्मांच्या दिवसांबद्दल सांगायला हवं. भरतीची किंवा प्रवेशाची जाहिरात निघाली की अहेरी, एटापल्ली, मुलचेरा, सगळीकडची पोरंपोरी बाईंच्या दारात. फॉर्म ऑनलाइन. फोटो अमुक केबीच्या आत, सही तमुक केबीच्या आत, आणि दोन्ही जेपीजी. थोडं जास्त झालं की वेबसाइट फाइल परत फेकते, फार कमी झालं की चेहऱ्याचा चिखल होतो. "वेबसाइट म्हणजे सासू," बाई म्हणत. "मीठ जास्त झालं तरी बोलते, कमी झालं तरी बोलते." त्या दिवसांत त्यांचा तो तोरा कुठे जाई कोण जाणे. एटापल्लीकडची एक मुलगी नर्सिंगच्या फॉर्मासाठी आली होती. तिची सही इतकी बारीक की लहान केल्यावर मुंगी चिरडल्यासारखी दिसे. बाईंनी तिला कोऱ्या कागदावर काळ्या पेनानं अकरा वेळा सही करायला लावली. "मोठी कर. घाबरू नको. तुझंच नाव आहे, कोणाचं चोरून नाई राह्यली." बाराव्या वेळी मुलीनं कागदभर सही केली तेव्हा बाईंनी तिला जवळचा लाडू दिला. दिवसाला शंभर-दीडशे फोटो त्या लहान करत. उघड, काप, जेपीजी, पुढचा. हात आपोआप चाले.

त्याच दिवसांत मी रेंगाटोल्याचा नकाशा घेऊन गेलो.

रेंगाटोला एटापल्लीकडचं, पंचवीस-तीस घरांचं गाव. ग्रामसभेनं सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात मोहाची फुलं वेचली, बांबू आणला, देव पुजला, ते रान गावाचं म्हणून मान्य व्हावं यासाठीचा. दाव्याला नकाशा लागतो. तो गावानं स्वतः बसून काढला, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर, रंगीत पेन्सिलींनी. हद्द काळ्या रेघेनं, नाला निळ्या. काळी रेघ नाल्यापर्यंत आली आणि थांबली. नाल्यापलीकडे गावाच्या देवाची जागा आणि मोहाचं रान. ग्रामसभेचे अध्यक्ष चैनूभाऊ म्हणाले, देवाच्या रानावरून रेघ ओढायची नाही, आमच्यात चालत नाही. मग मैनीबाई म्हणून एक साठी उलटलेल्या बाई पुढे सरकल्या, पिवळी पेन्सिल घेतली आणि नाल्यापलीकडे एकेक ठिपका ठेवू लागल्या. ठिपका ठेवायच्या, विचार करायच्या, शेजारणीला गोंडीत काही विचारायच्या, मग दुसरा ठेवायच्या. निम्मा दिवस गेला. माझी एसटी चुकते की काय, याच काळजीत मी होतो.

शमीमबाईंनी नकाशाचं काम मन लावून केलं. काच पुसून चार तुकड्यांत स्कॅन केला, जोडला, कागदाचे डाग काढले आणि मूळ फाइल टिफमध्ये ठेवली. तिच्यावरून गावासाठी एक मोठी प्रत छापली. पिवळे ठिपके असे उठून आले होते की चैनूभाऊ खुलले. प्रूफावर मी नीट बघून सही केली.

राहिलं वेबसाइटवर चढवणं. शेवटचा दिवस होता. सकाळी अकराला वीज गेली ती साडेचारला आली, आणि पाचला वेबसाइट बंद होणार. फाइल दोनशे केबीच्या आत हवी. दुकानात फॉर्मवाल्यांची ही गर्दी. मी बाईंच्या डोक्यावर उभा. "बाई, लवकर. बाई, दहा मिनिटं राहिली." त्यांनी नकाशा उघडला, लहान केला, सेव्ह केला, आकडा दोनशेच्या आत आला, वही माझ्याकडे सरकवली. मी न बघता सही केली. पाचला आठ मिनिटं असताना नकाशा चढला, आणि मी बाहेर जाऊन निवांत चहा प्यायलो.

दोन महिन्यांनी सुनावणी लागली. गावातले दहा-बारा जण आले, सोबत मी. सुनावणी घेणारे साहेब सज्जन होते, कागद वाचून आले होते, आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांच्यापुढे वेबसाइटवरून काढलेला नकाशा होता आणि चैनूभाऊंनी अभिमानानं आपली मोठी प्रत उलगडली. साहेब एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. त्यांच्या नकाशात गाव नाल्याशी संपत होतं. पलीकडे कोरा कागद.

"हे ठिपके नंतर टाकले का?" त्यांनी विचारलं.

मैनीबाई उठल्या. "ठिपके मीनं टाकले."

"कधी?"

"मोह पडून राह्यला होता तवा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मूळ कागद गावातच होता, पण त्यावरही ठिपके केव्हा पडले हे कोण सांगणार? दावा भरल्यावर हद्द वाढवली असा संशय आला की नुसतं पलीकडचं रान जात नाही, पूर्ण दाव्यावर बोट येतं. साहेबांनी आठ दिवस दिले. बाहेर आल्यावर चैनूभाऊ मला एवढंच म्हणाले, "आमाले आजवर कोनी खोटं नाई म्हटलं, भाऊ." मला त्यांच्याकडे बघवेना.

मी थेट शमीमबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही फाइली शेजारीशेजारी उघडल्या आणि नाल्यापलीकडचा भाग मोठा करत गेल्या. एकीत ठिपके. दुसरीत हळदीचं बोट पुसल्यासारखी फिकट ओल, नीट बघितली तरच दिसणारी.

"पिवळा आधी मरते," त्या म्हणाल्या.

मग स्वतःशीच बोलावं तसं सांगत गेल्या. जेपीजी फाइल लहान करते ती डोळ्याला कमी कळणारं फेकून. उजेड-अंधार राखते, रंग फेकते. पांढऱ्यावर फिकट पिवळा, त्यातही बारीक ठिपका, तो सगळ्यात आधी जातो. "मले माहीत होतं. सगळ्यायले सांगत बसतो मी. त्या दिवशी हातानं जेपीजी दाबली. फॉर्मची सवय."

"वेबसाइटनं दुसरं काही घेतलं नसतं, बाई," मी म्हटलं.

त्यांनी वेबसाइटची सूचना काढून दाखवली. जेपीजी, पीएनजी, दोन्ही चालत होतं. मग त्यांनी माझ्यासमोर टिफ उघडली, तेवढीच लहान केली, सहा रंग ठेवले आणि पीएनजी केली. एकशे चाळीस केबी. जेपीजीहून लहान, आणि ठिपका न् ठिपका जागेवर. त्या आकड्याकडे बाई बराच वेळ बघत बसल्या. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, ते आपणहून गेलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "कधी जायचं साहेबाकडे?"

सुनावणीच्या दिवशी त्या एसटीनं आल्या, मांडीवर दुपट्ट्यात बांधलेला आख्खा सीपीयू घेऊन. पेनड्राइव्ह का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, कॉपी केली की तारीख बदलते, साहेबाला वाटेल काल केली. कंडक्टरनं विचारलं आत काय आहे, तर म्हणाल्या, "रेंगाटोल्याचं जंगल."

साहेबांच्या टेबलावर पिशवीतून एकेक वस्तू निघू लागली. वायर, कीबोर्ड, आणि मग प्रूफाची वही. त्या वहीत त्या दिवसाच्या पानावर ‘तपासून मिळाले’ याखाली माझी सही होती. बाईंच्या कायद्यानं चूक माझीच ठरत होती, आणि तो कायदा त्यांनी कोणासाठी वाकवलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी वही उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा पिशवीत टाकली. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

सीपीयू कार्यालयाच्या स्क्रीनला जोडला गेला. बाईंनी टिफची तारीख दाखवली, दावा भरण्याच्या आठवडाभर आधीची. तिच्यात ठिपके. मग म्हणाल्या, "साहेब, आता पाहा." त्यांनी तीच फाइल साहेबांसमोर त्या दिवशीसारखीच लहान करून जेपीजी केली. उघडली. नाल्यापलीकडे काही नव्हतं. साहेब खुर्चीतून पुढे वाकले. गावची माणसंही उठून मागे उभी राहिली, आणि आपलं रान असं एका खटक्यात गेलेलं पाहून कोणीतरी गोंडीत काहीतरी पुटपुटलं.

साहेबांचं समाधान झालं. त्यांनाही प्रकरण लांबवायचं नव्हतं. म्हणाले, "ठीक आहे बाई. तांत्रिक अडचणीमुळे असं झालं, एवढं लिहून द्या. विषय संपला."

"नाई साहेब."

"का?"

"अडचण लिहिली तर उद्या दुसरा साहेब येईन, तो म्हणन कोणाची अडचण? मशीननं तर जे सांगितलं ते केलं. गावावर ढकलन पुन्हा. माणसाचं नाव पाह्यजे तिथी."

"अहो, तुमच्या धंद्यावर येईल ते."

"येईन."

त्यांनी कागद मागितला आणि लिहायला बसल्या. रोज दुसऱ्यांची अक्षरं जुळवणारी बाई स्वतः लिहिताना फार सावकाश लिहीत होती. ‘फाइलचा प्रकार निवडताना माझी चूक झाली. त्यामुळे नकाशातील ठिपके गेले. गावाने नकाशात काहीही बदललेले नाही.’ खाली पूर्ण नाव आणि सही. मला काहीतरी बोलायला हवं होतं. घाई मी केली होती, सही मी केली होती. मी तोंड उघडलं तर बाई कागदावरची मान न उचलता म्हणाल्या, "तुमी राहू द्या, भाऊ. तुमाले फाइल समजत नाई. मले समजते." त्या कार्यालयात त्या दिवशी सगळ्यात ताठ बसलेली व्यक्ती तीच होती.

पुढे साहेब स्वतः नाल्यापलीकडे जाऊन आले आणि ते रान दाव्यात धरलं गेलं. ही बातमी मला फोनवर कळली. मी महिन्याभरात सिंदेवाहीला बदलून गेलो होतो. बाजारात काही दिवस बाईंच्या चुकीची चर्चा झाली. त्या पत्रिकेवाल्या वरबापानं म्हणे पेढे वाटले. वर्षभरानं बाई दुकान बंद करून बल्लारशाला लेकीकडे राहायला गेल्या. मी त्यांना त्या सुनावणीच्या दिवसानंतर पाहिलं नाही.

त्या दिवशीचं शेवटचं जे आठवतं, ते कार्यालयाच्या ओसरीतलं. काम आटोपलं होतं, माणसं चहाला पांगली होती. बाई सीपीयू बांधत होत्या. मैनीबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, मोठा नकाशा गुडघ्यांवर पसरून. त्यांनी विचारलं,

"बाई, आमचे ठिपके कुठी गेले होते वो?"

विचारण्यात राग नव्हता. शमीमबाईंकडे यावर भात होता, तांदूळ होता, सगळं होतं. त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सीपीयू तिथेच सोडून त्या मैनीबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"माझ्या हातानं गेले," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, डिझाइन आहे. बॉर्डरचं."

"डिझाइन नाई वो, बाई." मैनीबाईंनी पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा मोह माझ्या सासूचा. मंग माझा. हा देवाजीच्या घरचा. हा लालसूचा. लालसू गेला, त्याची बायको वेचते. हा कोनाचाच नाई, देवाचा. हा माझ्या मोठ्या पोरीचा होता. पोरगी नाई आता, झाड आहे."

बोट पुढच्या ठिपक्यावर सरकलं. माझी एसटी आली होती, चैनूभाऊ हाक मारत होते. मी पिशवी उचलली आणि मागे वळून पाहिलं. शमीमबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली होती आणि नकाशा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला होता.

"थांबा, मैनीबाई," त्या म्हणत होत्या. "घाई नका करू. पह्यल्यापासून सांगा. हा कोणाचा?"